आलाहाच्या मुली : सारा जोसेफ यांच्या कादंबऱ्या आणि आपण

मलयाळम लेखिका म्हटले की आपल्या बहुतेक वाचकांना एकच नाव आठवते. कमला दास, म्हणजेच माधवीकुट्टी, म्हणजेच कमला सुरैया. १९९९ च्या डिसेंबरात त्यांनी इस्लाम स्वीकारला, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतल्या वाचनालयांतही त्यांच्यावर चर्चा झडल्या. २००९ मध्ये त्यांचे निधन आपल्या पुण्यात झाले आणि दफन तिरुवनंतपुरमच्या पाळयम मशिदीच्या कब्रस्तानात. त्यांच्या धर्मांतराविषयी बोलणारे आम्हाला शेकड्यांनी भेटले. त्यांची एखादी कथा वाचलेले मोजकेच. लेखिकेचे असे होते. तिच्या आयुष्याची वार्ता गावभर जाते, पुस्तक मात्र कपाटातच राहते.

त्याच १९९९ साली मलयाळममध्ये एक कादंबरी प्रसिद्ध झाली, 'आलाहायुडे पेण्मक्कळ', मराठीत 'आलाहाच्या मुली'. लेखिका सारा जोसेफ. हा लेख त्यांच्याविषयी आहे; पण पुढे जाण्यापूर्वी या शीर्षकापाशी थोडे थांबायला हवे. 'आलाहा' हा मलयाळम शब्द नव्हे. तो सिरियाक भाषेतला, म्हणजे अरमाइक घराण्यातल्या एका जुन्या बोलीतला आहे. केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजाची प्रार्थना शतकानुशतके या भाषेत चालत आली. लोकांना तिचा अर्थ कळत असे असे नाही, पण कानाला तिची सवय होती, जशी आपल्या घरातल्या आजी-नानींना अरबीची. या 'आलाहा'चे आणि आपल्या 'अल्लाह'चे मूळ एकच, सेमिटिक. कोकणातल्या वा मराठवाड्यातल्या मुस्लिम वाचकाला मलबारच्या एका ख्रिस्ती बाईच्या कादंबरीत शिरण्यासाठी याहून ओळखीचे दार कोणते असणार?

आम्हाला मलयाळम येत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. इंग्रजी अनुवाद, समीक्षा आणि मलयाळी मित्रांनी बसून समजावून सांगितलेली पाने, एवढ्या भांडवलावर हा लेख उभा आहे.

सारा जोसेफ यांचा जन्म १९४६ चा, त्रिश्शूरजवळच्या कुरियाच्चिरा इथल्या एका परंपरानिष्ठ ख्रिस्ती कुटुंबातला. नववीत असताना, पंधराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. हे वाक्य लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्याच ओळखीची कितीतरी घरे आली. फरक इतकाच की या मुलीची शाळा सुटूनही शिक्षण सुटले नाही. अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन त्या शाळेत शिक्षिका झाल्या. मग बाहेरून परीक्षा देत मलयाळम विषयात बी. ए., एम. ए. केले, आणि पुढे पट्टांबीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात मलयाळमच्या प्राध्यापक झाल्या. केरळात त्यांना आजही 'सारा टीचर' म्हणतात. शाळकरी वयात त्या कविता करीत, नंतर कथेकडे वळल्या. १९७३ आणि १९७५ साली आलेले त्यांचे पहिले दोन कथासंग्रह त्या काळच्या इतर लेखनाहून फार वेगळे नाहीत, असे जाणकार सांगतात. वेगळेपण आले ते पट्टांबीत.

१९८५ साली तिथे त्यांनी आणि सहकारी स्त्रियांनी 'मानुषी' ही संघटना उभी केली. केरळातल्या सुरुवातीच्या स्त्रीवादी संघटनांपैकी ही एक. पट्टांबी हे काही मोठे शहर नव्हे. भारतपुळा नदीकाठचे तालुक्याचे गाव. प्राध्यापक बाई आणि तिच्या विद्यार्थिनी अशा गावात रस्त्यावर उतरतात, तेव्हा त्यांच्याविषयी काय काय बोलले जाते हे आपल्या तालुक्याच्या गावांत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

ही वर्षे नीट पाहण्यासारखी आहेत. १९८५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो खटल्याचा निकाल दिला. १९८६ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने मेरी रॉय खटल्याचा निकाल दिला. पहिला निकाल आपल्या घराघरांत माहीत आहे, दुसरा फारसा नाही. त्रावणकोर संस्थानाच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. कोट्टयमच्या मेरी रॉय यांनी सख्ख्या भावाविरुद्ध दावा लढवला आणि त्या भागातल्या ख्रिस्ती मुलींना मुलाइतका वाटा मिळाला. (या मेरी रॉय म्हणजे अरुंधती रॉय यांच्या आई, त्या २०२२ साली वारल्या.) त्या निकालावर चर्चमधून नाराजी उमटली, पण तो टिकला. शाहबानोच्या निकालानंतर मात्र १९८६ च्या मे महिन्यात संसदेने वेगळा कायदा केला. कोणते योग्य, कोणते अयोग्य याचा वाद आपण चार दशके घालत आलो आहोत. तो इथे पुन्हा मांडायचा नाही. दोन अल्पसंख्याक समाजांतल्या बाया एकाच सुमारास घरातल्या पुरुषांकडे हिशेब मागत होत्या, एवढेच नोंदवायचे आहे. सारा जोसेफ यांची लेखणी घडली ती या हवेत.

१९९० साली 'पापत्तरा' हा त्यांचा कथासंग्रह आला. कवी के. सच्चिदानंदन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तीत 'पेण्णेळुत्तु' हा शब्द वापरला. पेण्ण म्हणजे बाई, एळुत्तु म्हणजे लिहिणे. बाईलिखाण म्हणा हवे तर. या एका शब्दावरून मलयाळम साहित्यात धुरळा उडाला. लेखनाला कसले आले आहे बाईपण-पुरुषपण, इथपासून ते हा बायकांसाठी राखीव डबा आहे, इथपर्यंत सगळे बोलून झाले. 'मुस्लिम मराठी साहित्य' हा शब्द आपण वापरू लागलो तेव्हा मराठीतल्या प्रस्थापितांनी विचारलेले प्रश्न आठवा. साहित्याला धर्म असतो का? वेगळी चूल कशासाठी? प्रश्न तेच, विचारण्याची ढबही तीच. गंमत अशी की वेगळ्या चुलीची तक्रार तेच करतात, ज्यांच्या पंगतीत आपल्याला कधी पाट मांडलेला नसतो.

त्या काळातली 'प्रत्येक लेखिकेच्या आत' अशा अर्थाच्या शीर्षकाची त्यांची एक कथा आम्हाला विशेष आवडते. कथेतली बाई लेखिका आहे. तिच्या नवऱ्याचे नाव पुरुषोत्तमन. या नावातला टोमणा मराठी वाचकाला अनुवादाशिवायच कळावा. तिला या घरातून निघून मेबल आत्याच्या घरी जायचे आहे, जिथे मोकळ्या खोल्या आहेत, दारे-खिडक्या बाहेरच्या विस्ताराकडे उघडतात आणि लिहायला जागा आहे. हे घर खरे की मनातले, ही शंका कथा वाचताना सतत राहते. छळाची वर्णने नाहीत, मारहाण नाही. तरीही ती बाई त्या घरात गुदमरते आहे याविषयी संशय राहत नाही.

आता 'आलाहायुडे पेण्मक्कळ'. कोक्कांचिरा ही त्रिश्शूर शहराच्या कडेची वस्ती. शहरातली मेलेली जनावरे आणून टाकायची ती जागा. पुढे तिथे मैला वाहणारे राहायला आले, त्यांच्यापाठोपाठ शहराने हुसकावलेली इतर गरीब माणसे. मग शहर वाढले, जमिनीला भाव आला आणि ज्यांनी ती दुर्गंधी सोसून वस्ती उभी केली, त्यांनाच पुन्हा बाहेरचा रस्ता. हे सगळे आपल्याला दिसते ते आनी नावाच्या लहान मुलीच्या डोळ्यांतून. घरात आजी आहे, आई आहे, आणखी बाया आहेत. बाप नाही. कुट्टिप्पाप्पन नावाचा काका आहे, आनीचा सर्वांत लाडका, आणि तो क्षयाने झिजतो आहे. बायांच्या या घरात पुरुष म्हणून जो उरला आहे तो आजारी आहे आणि प्रेमळ आहे, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. स्त्रीवादी लेखिका पुरुषांना फक्त राक्षस म्हणून रंगवतात, असे म्हणणाऱ्यांनी हा काका वाचावा.

केरळचा सिरियन ख्रिस्ती समाज म्हटला की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर येतात ते रबराचे मळे, शाळा-महाविद्यालये, इस्पितळे, वर्तमानपत्रे. 'मलयाळ मनोरमा' १८८८ पासूनची. अशा समाजातही कोक्कांचिरा असते, हे या कादंबरीने दाखवले. आपल्या धर्माच्या माणसांत आपण सगळे एक, ही भाषा जमातीचे पुढारी नेहमीच बोलतात. त्या एकीत मैल्याच्या गाडीशेजारी राहणाऱ्या आनीची जागा कुठे? शाळेत वस्तीचे नाव सांगायची लाज वाटणाऱ्या मुलीला तिच्या आलाहाने काय दिले? सारा जोसेफ हा प्रश्न उपदेशकाच्या आवाजात विचारत नाहीत. आनी देवाशी बोलते ती घरच्याच माणसाशी बोलावे तशी.

आणि भाषा! मलयाळी वाचक या कादंबरीबद्दल बोलू लागले की प्रथम भाषेवर येतात. त्रिश्शूरकडच्या गरीब ख्रिस्ती बायांची बोली, तिचे हेल, तिच्यातल्या शिव्या, प्रार्थनेतून आलेले मोडके सिरियाक शब्द, हे सारे साहित्यात येण्याच्या लायकीचे मानले जात नव्हते. पाठ्यपुस्तकी मलयाळमने ज्या बायांना गप्प बसवले होते, त्या आपल्या तोंडाने बोलू लागल्या. इथे अनुवाद हतबल होतो. इंग्रजीत ती बोली सपाट होते, आणि आम्ही जे वाचले त्यात तिचा वास तेवढा उरला, चव नाही.

आपल्या लेखकांसाठी या कादंबरीतला सर्वांत मोठा धडा आम्हाला इथेच दिसतो. आपण मराठी लिहितो, पण घरात बोलतो कोकणी मुसलमानांची बोली, दखनी, किंवा दखनी-मराठीची खिचडी. कथा लिहायला बसलो की ही भाषा आपण चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवतो. मराठी शुद्ध नाही, असे कोणी म्हणेल याची धास्ती. मग आपल्या कथांतल्या अम्मीजान पुण्याच्या शाळामास्तरणीसारख्या बोलतात. हमीद दलवाईंच्या 'इंधन'मध्ये १९६५ साली कोकणातले गाव आले, माणसे आली, त्यांच्यातले ताण आले. त्या वाटेने पुढे जाऊन घरातल्या बायांची बोली पुऱ्या कादंबरीभर चालवणारे आपल्यात किती निघाले, हे वाचकांनीच मोजावे.

'आलाहायुडे पेण्मक्कळ'ला २००१ चा केरळ साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २००३ चा केंद्रीय साहित्य अकादमी पुरस्कार आणि २००४ चा वयलार पुरस्कारही. तिच्यासह 'माट्टात्ती' (२००३) आणि 'ओतप्पु' (२००५) अशी त्रयी मानली जाते. 'माट्टात्ती'तली ल्युसी ब्रिगिता नावाच्या नातेवाईक बाईकडे वाढते. नात्याने घरची, कामाने मोलकरीण. पोरक्या भाचीला 'आमचीच मुलगी' म्हणत पहाटेपासून राबवणारी घरे आपल्याकडेही आहेत, हे मान्य करायला हरकत नसावी.

'ओतप्पु'वर जास्त बोलायला हवे. हा शब्द ख्रिस्ती मलयाळममधला. ज्याच्यामुळे इतरांचे पाऊल घसरेल असे वर्तन, समाजापुढे ठेवलेला वाईट दाखला. आपल्याकडे 'फितना' म्हणतात तो शब्द याच्या बराच जवळ जातो. कादंबरीतली मार्गलीता ही जोगीण मठाचा झगा उतरवून बाहेर पडते. तिने श्रद्धा सोडलेली नाही, सोडला आहे तो फक्त मठ. पण घर तिला घेत नाही, कारण मठ सोडलेली मुलगी म्हणजे खानदानाच्या नावाला डाग. रॉय फ्रान्सिस करिक्कन हा पाद्री तिच्या ओढीने चर्च सोडतो. पण सोडून आल्यावर त्या ओझ्याखाली उभे राहणे त्याला जमत नाही. ती उभी राहते. दोघांनी मिळून केलेल्या एकाच कृतीची किंमत पुरुष किती मोजतो आणि बाई किती, हे लेखिका शेरा न मारता दाखवते.

लोक म्हणाले, कादंबरी आहे, असे कुठे घडते? चार वर्षांनी, २००९ मध्ये, त्रिश्शूरच्याच एका महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या सिस्टर जेस्मी यांचे 'आमेन' हे आत्मकथन आले. त्यांनी मठ सोडला होता. आणि २०१८ च्या सप्टेंबरात कोचीच्या रस्त्यावर जोगिणी एका बिशपविरुद्ध धरणे धरून बसल्या, आपल्याच एका भगिनीच्या तक्रारीला न्याय मिळावा म्हणून. २०२२ च्या जानेवारीत खालच्या न्यायालयाने त्या बिशपना निर्दोष सोडले. त्या खटल्यात आम्ही शिरत नाही. पण झगा घातलेल्या बाया रस्त्यावर बसलेल्या पाहताना केरळातल्या वाचकांना मार्गलीता आठवली असेल, तर नवल नाही.

इथे आम्हाला एक जुनी गोष्ट सांगून टाकायची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या लेखकांच्या एका मेळाव्यात एका तरुण मुलीने कथा वाचली. मेहर माफ करवून घेतलेल्या एका बाईची कथा होती. कथेत कच्चेपणा होता, पण त्या बाईचा आवाज खरा होता. वाचन संपल्यावर पुढच्या रांगेतले एक बुजुर्ग उठले आणि म्हणाले, "बेटी, घरचे धुणे चव्हाट्यावर धुवायचे नसते. आधीच लोक आपल्यावर टपलेले आहेत." टाळ्या पडल्या. आम्ही व्यासपीठावर होतो. आम्ही काही बोललो नाही. पुढे तीच कथा तिने एका मोठ्या मासिकाकडे पाठवली. तिथल्या संपादकांना ती पसंत पडली; मात्र बुरखा आणि तिहेरी तलाक यांवर आणखी काही 'जळजळीत' घालून द्या, असा निरोप आला. तिने कथा परत घेतली. त्यानंतर तिची नवी कथा आमच्या वाचनात आली नाही.

आपल्या लेखिकेची कोंडी ती हीच. आतले म्हणतात बोलू नकोस. बाहेरचे म्हणतात बोल, पण आम्हाला ऐकायचे तेवढेच. १९६६ च्या १८ एप्रिलला हमीद दलवाईंबरोबर मुंबईत सात मुस्लिम बाया मोर्चाने सचिवालयावर गेल्या, तेव्हापासून ही कोंडी चालू आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' वाचताना पानापानावर ती जाणवते.

सारा जोसेफ या कोंडीतून कशा सुटल्या? पूर्ण सुटल्या नाहीत, असेच आम्ही म्हणू. पण त्यांनी एक केले. जे माप घरात वापरले तेच बाहेरही वापरले. ख्रिस्ती घरात पाहिलेल्या नजरेनेच त्यांनी रामायणाकडेही पाहिले. सीता, शूर्पणखा, मंथरा यांच्या बाजूने लिहिलेल्या त्यांच्या कथा २००५ मध्ये इंग्रजीत आल्या. २००८ च्या 'ऊरुकावल' कादंबरीत वालीचा मुलगा अंगद आहे. ज्याने बापाला आडून मारले त्याच्याच सैन्यात त्याला उभे राहावे लागते. जिंकलेल्यांच्या बाजूने लढणाऱ्या हरलेल्या मुलाची ही गोष्ट कोणाला कशी लागेल, ते वाचणाऱ्यावर आहे. आम्हाला ती फार जवळची वाटली. रामकथा आपली नव्हे म्हणून तिला हात लावायचा नाही, असे या बाईने मानले नाही. तिथली माणसे तिला आपली वाटली.

आणि २०१५ चा ऑक्टोबर. त्या ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्याआधी, २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर आणि २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला गोविंद पानसरे. सप्टेंबरच्या शेवटी दादरीत मोहम्मद अखलाक यांना जमावाने घरातून ओढून ठार मारले. सारा जोसेफ यांनी 'आलाहायुडे पेण्मक्कळ'साठी मिळालेला केंद्रीय अकादमीचा पुरस्कार परत केला. जमातीतली बाई जमातीविरुद्ध लिहिते म्हणून तिला डोक्यावर घेणारे बाहेरचे लोक अशा वेळी तिच्यापासून दूर सरकतात. त्याची तिने पर्वा केली नाही. स्वतःच्या चर्चला प्रश्न विचारणे आणि अखलाकच्या घरासाठी उभे राहणे या तिच्या लेखी दोन गोष्टी नाहीत. पुढच्या रांगेतल्या त्या बुजुर्गांना आम्ही त्या दिवशी हे सांगायला हवे होते. आधी दुसऱ्यांनी थांबावे मग आम्ही घरात पाहू, असे म्हणत राहिलो तर घरातली मुलगी म्हातारी होते.

याचा अर्थ सारा जोसेफ यांचे सगळेच लेखन सारख्या तोलाचे आहे असे नाही. २०११ ची 'आती' ही कादंबरी पाणथळ भूमीच्या विनाशाविषयी आहे. गावातला माणूस बाहेरून पैसा घेऊन परत येतो आणि पाणी बुजवू लागतो. गावात निरनिराळ्या धर्मपरंपरांतल्या कथा सांगितल्या जातात. तळमळ खरी आहे, पाण्याची वर्णने सुंदर आहेत, पण माणसे मात्र पुष्कळदा लेखिकेच्या म्हणण्याचे निरोप्ये होतात. कोण चांगला आणि कोण वाईट हे फार लवकर कळते. आनीच्या वस्तीत असे कळत नव्हते. चळवळीतली कार्यकर्ती लेखिकेच्या खुर्चीवर बसली की असे होते. त्या २०१४ साली त्रिश्शूरमधून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेलाही उभ्या राहिल्या होत्या आणि हरल्या. त्या हरल्या याचे आम्हाला वाचक म्हणून फारसे वाईट वाटले नाही.

दुसरी एक गोष्ट आपण विसरू नये. त्यांचा समाज अल्पसंख्य आहे, पण केरळात तो शिकलेला, जमीन-जुमला असलेला, सत्तेत वाटा असलेला समाज आहे. त्याच्यावर टीका करणाऱ्या लेखिकेला चर्चचा रोष पत्करावा लागतो. पण त्या टीकेचा दगड उचलून कोणी तिच्या वस्तीवर फेकत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपले जे चित्र मांडले, ते पाहता आपल्या लेखिकेच्या पायाखालची जमीन अधिक निसरडी आहे. त्या बुजुर्गांची भीती खोटी नव्हती. तिचे ओझे त्यांनी त्या एकट्या मुलीच्या डोक्यावर ठेवले, हे चुकले. केरळातच, मुस्लिम घरातून आलेल्या डॉक्टर खदीजा मुमताज यांनी २००७ साली 'बर्सा' ही कादंबरी लिहिली, चेहरा न झाकलेल्या बाईची. तिला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. जमीन निसरडी असतानाही चालणाऱ्या आहेत. त्यांच्याविषयी वेगळे लिहावे लागेल.

'बुधिनी' (२०१९) वाचून आमचा 'आती'विषयीचा रुसवा गेला. ६ डिसेंबर १९५९ रोजी दामोदर खोऱ्यातल्या पंचेत धरणाच्या उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले. धरणावर मजुरी करणाऱ्या बुधिनी मेझान या पंधरा-सोळा वर्षांच्या संथाळ मुलीला त्यांचे स्वागत करायला उभे केले गेले, आणि नेहरूंनी तिच्याच हाताने बटण दाबून घेतले. त्या दिवशी तिने परपुरुषाला हार घातला, म्हणजे लग्न लागले, आणि तो संथाळ नाही, म्हणून जमातीने तिला वाळीत टाकले. पुढे १९६२ मध्ये नोकरीही गेली. १९८५ च्या सुमारास राजीव गांधींपर्यंत गाऱ्हाणे गेले तेव्हा कुठे ती परत मिळाली. २०२३ च्या नोव्हेंबरात त्या वारल्या. सारा जोसेफ सत्तरी ओलांडलेल्या असताना झारखंडात जाऊन त्यांना शोधून भेटल्या आणि मग कादंबरी लिहिली. इंग्रजी अनुवाद त्यांची लेखिका मुलगी संगीता श्रीनिवासन यांनी केला, तो २०२१ मध्ये आला.

राष्ट्राने तिला एका दिवसासाठी मिरवले आणि जमातीने जन्मभरासाठी हाकलले. दोघांनाही तिचे नाव विचारायची गरज वाटली नव्हती. कादंबरी जमातीला झोडपत नाही; धरणात त्या जमातीची जमीन, गावे, देवराया बुडाल्या हे ती आधी दाखवते. सगळे गमावलेल्या माणसांच्या हातात मुलीची इज्जत एवढीच मिळकत उरते आणि ते तिच्यावर तुटून पडतात. जमात बाईवर का उलटते याचे इतके समजूतदार उत्तर आम्हाला दुसऱ्या कादंबरीत वाचल्याचे आठवत नाही. शाहबानोनंतरच्या दिवसांत आपल्या गल्लीगल्लीत जे झाले, ते या नजरेने पुन्हा पाहता येईल.

त्या मेळाव्यातली ती मुलगी आता एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, असे कळले. पत्ता मिळवून आम्ही तिला मेबल आत्याच्या कथेची इंग्रजी प्रत पाठवली, सोबत चार ओळींची माफी. महिनाभराने पोस्टकार्ड आले. माफीविषयी त्यात काही नव्हते. कथा आवडली, दोनदा वाचली, असे लिहिले होते, आणि खाली एक प्रश्न : मेबल आत्याच्या त्या मोकळ्या घरात भांडी कोण घासते? त्यावर कथा लिहून पाठव, असे आम्ही तिला कळवले आहे.